उमेदवार घरी आहेत

अनुपमा शेडगेनं फोनच्या स्पीकरचं बटण दाबलं आणि अख्खं तळेघाट तिच्या शारजातल्या हॉलमध्ये घुसलं. ताशा, शिट्ट्या, फटाक्यांची माळ, आणि या सगळ्यावर चढलेला कुणाचा तरी घोगरा आवाज : "सुजीतदादा तुम आगे बढो!" शुक्रवार, म्हणजे सुट्टीचा दिवस. अल नहदा वस्तीतली ती सगळी इमारत अजून आळोखेपिळोखे देत होती. आठव्या मजल्यावरच्या या एका फ्लॅटमध्ये मात्र नाश्त्याची ताटं तशीच पडली होती आणि घरची बाई फोनपुढे फरशीवर मांडी ठोकून बसली होती.

तळेघाट नगरपालिकेची मतमोजणी चालू होती. वॉर्ड पाच या खेपेला बायकांसाठी राखीव झाला होता आणि तिथून उभी होती अनुपमाची धाकटी जाऊ, सुमेधा. टीव्हीवर दिल्ली दाखवत होते, मुंबई दाखवत होते. तळेघाटचा वॉर्ड पाच कोण दाखवणार? म्हणून अनुपमानं अक्कल लढवली होती. शेडग्यांचं घर नगरपालिकेच्या कचेरीसमोर, फोन वरच्या मजल्यावरच्या खोलीत, आणि खिडकीला लागूनच्याच खांबावर कचेरीचा भोंगा बांधलेला. "रिसीव्हर खिडकीत ठेव आणि विसरून जा," तिनं सुमेधाला सांगितलं होतं. "बाकीचं माझे कान बघून घेतील."

"अगं, मीटर पळतंय," सूर्यकांत म्हणाला. तो रास अल खैमाच्या एका टाइल्स कंपनीत सेल्सला होता, आठवडाभर गाडी हाणून दमायचा, आणि शुक्रवारी सोफ्यावरून उठणं म्हणजे त्याला अन्याय वाटायचा. पोटावर चकल्यांचा डबा होता. "एका तासाचे किती दिरहम, आणि त्याचे रुपये किती, ऐकशील तर हा ताशा बंद होईल."

"शुक्रवारी रेट कमी असतो. आणि तुमच्याच भावाच्या बायकोची निवडणूक आहे."

"भावाचीच म्हण की."

तो गंमतीनं म्हणाला, पण त्यात खोटं काही नव्हतं. तळेघाटात बाईला तिकीट मिळालं की तिचा नवरा उभा राहतो, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. पोस्टरवर सुमेधा पासपोर्टच्या फोटोएवढी आणि सुजीत हात जोडून हा एवढा मोठा. खरं तर दोन वर्षं हंडे घेऊन बायकांना मुख्याधिकाऱ्यांच्या दारात बसवलं ते सुमेधानं. वॉर्डात चार दिवसांआड येणारं पाणी दिवसाआड आणलं तेही तिनंच. प्रचारात चपला झिजवल्या त्या तिच्या. पण घोषणा सुजीतदादांची. समोरच्या बाजूलाही तेच, तिथे अर्चना बोराटे उभी होती आणि घोषणा तिच्या नवऱ्याच्या, सतीशभाऊंच्या नावाच्या होत्या. आज मोजणीच्या दिवशी दोघी उमेदवार आपापल्या घरी होत्या आणि दोन्ही नवरे कचेरीत, प्रतिनिधी म्हणून.

पहिल्या फेरीला सुमेधा एकोणीस मतांनी पुढे निघाली. अनुपमानं अशी आरोळी ठोकली की शेजारच्या फ्लॅटमधली हैदराबादची अन्वरीबाजी ओढणी सावरत दारात आली.

"क्या हुआ भाभी? किसका झगडा है?"

"झगडा नहीं, इलेक्शन! मेरी देवरानी जीत रही है. आओ, बैठो!"

अन्वरीबाजीला मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण गर्दीचा आवाज कुठल्याही भाषेत कळतो. तीही मांडी घालून बसली आणि चकल्यांचा डबा सूर्यकांतच्या पोटावरून खाली आला.

मग बराच वेळ नुसती गजबज. ताशा थांबला. एकदम भोंगा खरखरला, कुणीतरी आकडे वाचले, आणि शेवटी वाचलं की वॉर्ड पाचमध्ये बोराटे सात मतांनी पुढे. एक क्षण तळेघाटात आणि शारजात सारखीच शांतता पसरली. नंतर जो काही गोंधळ उसळला, त्यानं फोनचा स्पीकर फाटायचाच बाकी राहिला. "चोर आहेत! गठ्ठा बदलला! फेरमोजणी झालीच पाहिजे!" शिट्ट्या, धावपळ, पत्र्यावर दगड पडल्याचा आवाज, कुठेतरी काच फुटली.

"व्हाय आर दे फायटिंग, मम्मा?" आठ वर्षांच्या मैथिलीनं तिची रंगपेटी बाजूला सारत विचारलं.

"काकूची मतं नीट मोजली नाहीत म्हणून."

"देन काउंट अगेन, ना!"

"तेच तर म्हणतायत सगळे," अनुपमा म्हणाली. खरं सांगायचं तर भीतीबरोबर तिला एक उकळीही फुटत होती. शारजात येऊन आठ वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत आपल्या माणसांत आपण असं घुसलोय, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

इतक्यात रिसीव्हर उचलल्याची खडखड झाली. सुमेधा रडत होती. "वहिनी, सातनं गेलं हो. आणि ह्यांचं डोकं फिरलं. आत प्रतिनिधी म्हणून बसले होते, ते आरडाओरडा करत बाहेर आले, आणि पोलिसांनी मागून गेट लावलं. आता गेटवर चढून घोषणा देतायत. आत आपलं कुणीच नाही."

"अगं, मग तू—"

"सासूबाई हाका मारतायत. दगड येतायत, सगळ्या बायकांना मागच्या स्वयंपाकघरात बसवलंय. तुम्ही ऐका तुम्हाला ऐकायचं तर. मला नाही ऐकवत." रिसीव्हर पुन्हा खिडकीत आदळला आणि पावलं लांब गेली. एक दार लागलं.

आणि तेव्हाच भोंगा बोलू लागला. या खेपेला एक संथ, सरकारी, ठसठशीत आवाज. खांब खिडकीलाच लागून, त्यामुळे अनुपमाला तो समोर बसून कुणी वाचून दाखवावं तसा ऐकू आला : "वॉर्ड क्रमांक पाच. निकाल अद्याप जाहीर केलेला नाही. फेरमोजणी हवी असल्यास उमेदवार सौ. सुमेधा सुजीत शेडगे यांनी स्वतः आत येऊन लेखी अर्ज द्यावा. त्यांचे प्रतिनिधी जागेवर नाहीत. पंधरा मिनिटं वाट पाहिली जाईल. त्यानंतर प्रमाणपत्र दिलं जाईल."

आणि त्याच्या पाठोपाठ लांबून, गेटकडून, शेकडो घशांतून : "फेरमोजणी झालीच पाहिजे! झालीच पाहिजे, झालीच पाहिजे!"

अनुपमा उभीच राहिली. "अहो, ऐकलंत? ते देतायत फेरमोजणी! मागा म्हणतायत! आणि ही गाढवं मागतायत इतक्या जोरात की त्यांना ऐकूच येत नाहीये!"

सूर्यकांतही आता ताठ बसला होता. "सुमेधाला सांग."

"कशी सांगू? ती मागे दार लावून बसलीय!" ती फोनवर ओणवली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "सुमेधाऽऽ! सासूबाईऽऽ! अहो, कुणीतरी फोन घ्याऽऽ!" अन्वरीबाजीनंही साथ दिली, मैथिलीनं "काकूऽऽ" म्हणून कान किटवले. तळेघाटच्या रिकाम्या खोलीत, खिडकीच्या कट्ट्यावर पडलेल्या रिसीव्हरमधून किती आवाज निघणार? डास गुणगुणल्याएवढा. तिला सगळं ऐकू येत होतं आणि तिचं कुणालाच ऐकू जात नव्हतं.

"फोन ठेव आणि पुन्हा लाव," सूर्यकांत म्हणाला.

"तिथला रिसीव्हर खाली आहे. एंगेज लागणार. द्या तुमचा मोबाइल."

"ऑफिसचा आहे तो. आयएसडी केलं की अकाउंट्सवाले—"

"द्या म्हणते ना!"

त्यानं दिला. मोबाइल हातात आला तरी लावायचा कुणाला? गावात तेव्हा मोबाइल नव्हतेच. सूर्यकांतच्या मामांचं घर नदीपलीकडे, तिथून माणूस येईस्तोवर प्रमाणपत्र वाटून व्हायचं. त्या गल्लीतला एकच नंबर तिला तोंडपाठ होता.

तो नंबर होता अर्चना बोराटेचा.

लग्नानंतरची पहिली दोन वर्षं, व्हिसा होईपर्यंत, अनुपमा तळेघाटात सासरी होती. शेडग्यांकडे तेव्हा फोन नव्हता. सूर्यकांतच्या सगळ्या कागदांवर पी. पी., म्हणजे शेजारचा फोन म्हणून, गल्लीपलीकडच्या बोराट्यांचा नंबर होता. दर शुक्रवारी त्याचा फोन यायचा आणि अर्चना खिडकीतून हाक मारायची, "अनुपमाऽ, शारजाचा फोन!" अनुपमा पिठाच्या हातांनी धावायची. अर्चना रिसीव्हर तिच्या हातात द्यायची, खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढायची आणि स्वतः दाराला पाठ लावून राखण करत उभी राहायची. नवऱ्याशी बोललेली एकूण एक गोष्ट अनुपमानं त्या बाईच्या घरात बोलली होती. नंतर ती शारजाला आली आणि मागे दोन्ही घरं पक्षांच्या भानगडीत एकमेकांचं तोंड बघेनाशी झाली.

खरं सांगायचं तर काय सांगायचं? की बाई, तू सात मतांनी जिंकतेयस, तेवढं जरा माझ्या जावेला जाऊन सांग की माझा विजय काढून घे? अनुपमानं नंबर दाबेपर्यंत काही ठरवलं नव्हतं. दुसऱ्याच रिंगला फोन उचलला गेला.

"हॅलो?"

"अर्चना, मी अनुपमा. शारजाहून. अगं, ह्यांच्या छातीत दुखतंय."

सूर्यकांतच्या हातातली चकली तोंडाशीच थांबली. "माझ्या?"

अनुपमानं त्याला डोळे वटारून गप्प केलं. "हो, आत्ताच. घरी फोन लागत नाही, रिसीव्हर खाली राहिलाय. सुमेधाला फक्त सांग की शारजाचा फोन आहे, उचल. सगळ्या मागच्या खोलीत आहेत. जाशील का गं? एवढंच सांग."

अर्चनाच्या मागे पुरुषांचं खिदळणं ऐकू येत होतं, कुणीतरी "बोराटेसाहेब" म्हणत होतं. आणि त्या सगळ्याच्या वर, मोबाइलमधून आणि समोरच्या स्पीकरमधून एकाच वेळी, तोच संथ सरकारी आवाज : "सौ. सुमेधा सुजीत शेडगे. फेरमोजणीच्या अर्जासाठी शेवटची काही मिनिटं." दोघींनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. दोघींपैकी एकीनंही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

"आले," अर्चना म्हणाली आणि फोन बंद झाला.

आले म्हणजे काय? जाते म्हणाली की टाळलंन्? अनुपमा मोबाइल छातीशी धरून फोनच्या स्पीकरकडे बघत राहिली, जसं काही त्यातून माणसं दिसणार होती. आपण खोटं बोललो तेही कुणाशी, हे तिला आता बोचू लागलं होतं. पण त्याहून जास्त तिला सुमेधा हवी होती, या मिनिटाला, त्या खिडकीत. सूर्यकांत खरोखरच छाती चोळत होता. अन्वरीबाजी पुटपुटत होती, "इन्शाल्ला, इन्शाल्ला."

घोषणा. शिट्टी. पुन्हा एक दगड, पत्र्यावर. आणि मग गल्लीच्या बाजूनं, त्या सगळ्या कल्लोळाला कापत, एक खणखणीत बायकी हाक :

"सुमेधाऽऽऽ! शारजाचा फोन! दार उघड गं, शारजाचा फोऽऽन!"

खालचं दार धडाधड वाजलं, अर्चना छातीत दुखण्याचं काहीतरी सांगताना ऐकू आली, जिन्यावर पावलं वाजली, रिसीव्हर उचलला गेला आणि सुमेधा धापा टाकत किंचाळली, "वहिनी! भावोजी कसे आहेत?"

"चकल्या खातायत! ऐक. बोलू नकोस, ऐक. भोंगा तुझं नाव घेतोय. फेरमोजणी देतायत, पण तू स्वतः आत जाऊन लेखी मागायचीस. आत्ता. वेळ संपत आलीय."

"मी? हे कुठायत?"

"ते गेटवर ओरडतायत, ओरडू देत! उमेदवार तू आहेस की ते?"

"काय लिहू?"

"एक ओळ. वॉर्ड पाचची फेरमोजणी पाहिजे. खाली सही. मैथिलीच्या वहीचा कागद असता तरी चालला असता, कुठलाही घे. पळ!"

"रन, काकू, रन!" मैथिली सोफ्यावर उड्या मारत ओरडली. तिकडे रिसीव्हर टेकला आणि पावलं जिन्यावरून खाली सुटली. थोड्या वेळानं गर्दीचा आवाज बदलला. घोषणा फिसकटल्या. कुणीतरी म्हणालं, "ए, वाट द्या, वहिनी आल्या!" आणि पाठोपाठ सुजीतचा बसलेला घसा, "अगं, तू कुठं निघालीस?" मग लोखंडी गेटचा करकराट.

"गेली!" अनुपमा अन्वरीबाजीच्या गळ्यात पडली. "गेली, आत गेली!"

"कौन जीता?" अन्वरीबाजीनं विचारलं.

"अभी कोई नहीं! गिनती फिर से होगी!"

"अनुपमा," फोन म्हणाला.

ती दचकून वळली. अर्चनाचा आवाज होता. ती सुमेधामागोमाग वर आली होती, आणि आता रिसीव्हर तिच्या हातात होता.

"भावोजी बरे आहेत ना?"

"बरे आहेत," ती कशीबशी म्हणाली.

"असणारच. भोंगा माझ्या घरातही ऐकू येतो गं. तुझा फोन यायच्या आधीपासून ऐकत होते."

"मग... मग तू आलीस का?"

"सातनं पुढे म्हटल्यावर हे लगेच कचेरीतून घरी आले, घरात गुलाल आला. हार ह्यांच्या गळ्यात. गुलाल ह्यांच्या डोक्यावर. मला म्हणाले, पंचवीस माणसांचे पोहे टाक. अर्धा तास मी कांदा चिरतेय आणि बाहेर लोक मी जिंकले म्हणून नाचतायत. एकानंसुद्धा आत येऊन मला सांगितलं नाही." तिचा आवाज चढला. "आणि तो भोंगेवाला साहेब घसा फोडून एका बाईला नाव घेऊन बोलावतोय, तू ये, तुझी सही पाहिजे. मला हेवा वाटला तिचा. काय सांगू तुला, जिंकूनसुद्धा हेवा वाटला! तरी बसून राहिले होते हां. उठत नव्हते. मग तुझा फोन आला."

"मी खोटं बोलले, अर्चना."

"बोललीस. खरं सांगितलं असतंस तरी आले असते की काय, मलाही ठाऊक नाही. पण तू मला विचारायला तरी हवं होतंस."

तेवढ्यात भोंगा पुन्हा खरखरला. फेरमोजणीचा अर्ज मंजूर झाला होता. मोजणी समक्ष होणार होती. "उमेदवार सौ. सुमेधा सुजीत शेडगे हजर आहेत. उमेदवार सौ. अर्चना सतीश बोराटे यांनीही आत यावं."

"ऐकलंस?" अर्चना म्हणाली. "आता मला बोलावतायत. पोहे करपू देत. चालले मी."

पुढचा सगळा दिवस फोन तसाच चालू राहिला आणि सूर्यकांतनं मीटरचं नाव काढलं नाही. गर्दी ओरडून ओरडून दमली, पोलिसांनी चहा मागवल्याचं कळलं, कुणाच्या तरी म्हाताऱ्यानं दोन्ही बाजूंना शिव्या घातल्या. जुम्म्याची अजान झाली तशी अन्वरीबाजी घरी गेली आणि नमाज आटोपून बिर्याणीचं पातेलं घेऊन परत आली. ऊन कलायला आलं तेव्हा भोंगा शेवटचा बोलला. बोराट्यांच्या एका गठ्ठ्यात शेडग्यांच्या पाच मतपत्रिका मिसळल्या होत्या. सुमेधा तीन मतांनी निवडून आली होती.

अनुपमा नाचली. पदर खोचून, मैथिलीला कडेवर घेऊन, अन्वरीबाजीचे दोन्ही हात धरून नाचली. खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला काठीनं ठोकलं तरी नाचली. सुजीतनं फोन उचलला आणि बसक्या घशानं ओरडला, "वहिनी, बघा, मी म्हणत होतो ना फेरमोजणी पाहिजे!" तिनं त्याला "सुमेधाला द्या आधी," एवढंच म्हटलं. सुमेधा नुसती हसत होती आणि रडत होती. शेवटी तो फोन एकदाचा बंद झाला आणि हॉल एकदम सुनासुना झाला.

मग अनुपमा मोबाइल घेऊन बाल्कनीत गेली आणि तोंडपाठ नंबर लावला. फोन बराच वेळ वाजला.

"बोल," अर्चना म्हणाली. नाक चोंदलेलं होतं.

"अर्चना, फार वाईट वाटलं गं मला."

"पुन्हा खोटं?"

अनुपमानं डोळे मिटले. "नाही वाटलं. आनंद झाला. इतका झालाय की खालचे लोक भांडायला यायचे बाकी आहेत. तुझंही वाईट वाटतंय, पण आनंदच मोठा आहे."

"आता कशी बोललीस!" अर्चना नाक ओढत हसली. "मी पण रडलेय पोटभर. तीन मतांनी, अनुपमा! हे तोंड फुगवून बसलेत, पोहे करपले म्हणून की मी हरले म्हणून, देव जाणे. पण मी तिथे टेबलाला टेकून उभी होते. साहेब एकेक मतपत्रिका उचलून आम्हा दोघींना दाखवत होते. माझ्या नावापुढे शिक्का. परत माझ्या नावापुढे शिक्का. चारशेच्या वर माणसांनी, अगं, माझ्या नावापुढे! पोस्टरवर मी कुठेच नव्हते, तरी त्यांनी मला शोधून काढलं."

खाली रस्त्यावर गाड्या दुबईच्या दिशेनं सरकत होत्या. अनुपमा कठड्याला टेकून ऐकत राहिली.

"पुढच्या खेपेला मी तुझ्या जावेला पाडणार आहे," अर्चना म्हणाली. "स्वतः दारोदार फिरून. सांग तिला."